बोटीतून प्रदक्षिणा

हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या दिराचा, सुरजचा, फोन आला. "वहिनी, रविवारी सगळ्यांनी जरा कलरफुल घाला हं. तिथं फोटो छान येतात."

मी सासूबाईंना तसं सांगितलं. आत्या, म्हणजे पद्माबाई, तेव्हा पलंगावर चादर अंथरून पांढऱ्या साडीला इस्त्री करत होत्या.

"कलरफुल कायचं? लग्नाला चाललो का आपन?" त्या म्हणाल्या. "वंदनेला पांढरंच नेसतेत. त्याला म्हनाव, इसरला का?"

मी सुरजला तसं काही कळवलं नाही. माझी पांढरी साडी, माझ्या नवऱ्याचा, प्रेमानंदचा, पांढरा सदरा आणि आमच्या सपनाचा पांढरा फ्रॉक बॅगेत आधीच गेले होते.

सुरज पाच वर्षांपासून हैदराबादला आहे. एवढ्या वर्षांत आत्यांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. तिथल्या तलावाच्या मधोमध दगडाचा बुद्ध उभा आहे, त्याच्या पायाशी उभं राहून त्यांना त्रिसरण-पंचशील म्हणायचं होतं. नुसती मूर्ती बघायची असती तर मोबाईलवर हवी तेवढी दिसते. ती मूर्ती बसवायला नेताना तलावात बुडाली, त्या वेळी माझे सासरे भिवाजी हट्ट्याच्या विहारात रोजचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. "निघंल बाहेर. निघाला की जाऊ," असं ते म्हणाले होते. मूर्ती दोन वर्षांनी निघाली. सासऱ्यांचं जाणं राहिलं. आधी शेतीची कामं आडवी आली आणि पुढं त्यांचं हृदय; त्यातच ते वारले. आता आत्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणत होते प्रवास टाळा, आणि आत्या म्हणत होत्या, यंदा न्हाई तर मंग कव्हाच न्हाई.

सुरजनं तिकिटं काढली, स्टेशनवर गाडी घेऊन आला, घरी एसी लावून दिला. त्याच्यात कमी काढायची तर फार शोधावं लागत नाही, पण आळशी तो नाही. त्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावर मात्र 'सुरज हिंगोलीकर' असं आहे. आमचं आडनाव खिल्लारे, गाव हट्टा. हट्टा वसमत तालुक्यात आहे, आणि हिंगोलीला आम्ही राहतो ते प्रेमानंद एसटी डेपोत आहेत आणि मी हळद तपासायच्या प्रयोगशाळेत आहे म्हणून. सुरज हिंगोलीत सलग महिनाभरही राहिलेला नाही. हा बदल आत्यांना कुणी सांगितला नव्हता.

रविवारी दुपारी आम्ही चौघं पांढऱ्या कपड्यांत बाहेर आलो, तेव्हा सुरज आणि त्याची बायको नीलम एकमेकांकडे बघत राहिले.

"मम्मी, ही ओढणी घ्या ना वरून," नीलम म्हणाली. ओढणी गडद गुलाबी होती.

"ऊन लागतंय का तिथं?"

"नाही, संध्याकाळच होईल."

"मंग राहू दे."

सुरज आम्हाला घेऊन गेला ते ठिकाण तलावाच्या काठावरच होतं, पण त्याचं नाव ब्लू हार्बर. हार्बर म्हणजे बंदर. समुद्र तिथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरी आत शिरताच एक दीपगृह होतं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, ज्याच्या तळमजल्यावर मोमो मिळत होते. फायबरचे नांगर होते, त्यांवर बसून लोक फोटो काढत होते. ताडाच्या झाडांना ताडगोळ्यांऐवजी स्पीकर लटकवले होते आणि त्यांतून समुद्रपक्ष्यांचे आवाज सोडले जात होते. काठाच्या हिरव्या पाण्यात एक खरा बगळा उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. दर काही वेळानं खांबांवरच्या नळ्यांतून सुगंधी धुकं सुटायचं, आणि ते विरलं की तलावाचा खरा वास यायचा.

दारावरच्या रखवालदारानं आमच्याकडे बघून विचारलं, "आश्रमवाले? ग्रुप का गेट उधर है."

"फॅमिली है," सुरज घाईनं म्हणाला.

रखवालदारानं आत्यांच्या पिशवीतल्या मेणबत्त्या, उदबत्ती आणि काडेपेटी काढून घेतली. मोगऱ्याची फुलं तेवढी राहिली. आत्या त्याच्याशी भांडल्या नाहीत. "ठेव बाबा सांभाळून, जाताना घेतो," एवढंच म्हणाल्या. सुरजच्या चेहऱ्यावर मला सुटकेसारखं काहीतरी दिसलं. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

आत गेल्यावर त्यानं सांगितलं, "मम्मी, एक प्रॉब्लेम झालाय. मूर्तीपाशी सध्या काम चालू आहे. तिथं उतरू देत नाहीत. पण टेन्शन घेऊ नको, मी क्रूझ बुक केलीय. एकदम जवळून दिसतं."

आत्यांनी विचारलं, "उतरूच देत न्हाईत?"

"सिक्युरिटीचं असतं ना."

"दादा, तू तरी इचारायचं व्हतं," आत्या प्रेमानंदला म्हणाल्या. प्रेमानंदनी मान हलवली. धाकट्या भावानं इंग्रजी शब्द असलेलं वाक्य म्हटलं की यांची मान आपोआप हलते.

क्रूझला वेळ होता. तोवर नीलमनं आम्हाला 'अनुभव' घ्यायला लावले. हा तिचा शब्द नाही, तिथल्या पाट्यांचा आहे. काचेच्या एका खोलीत बर्फ पडत होता. ते बर्फ नव्हतं, साबणासारखा फेस होता. सपनानं बोटावर घेऊन नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं हात पुसले. एका ठिकाणी हृदयाच्या आकाराच्या चौकटीत बसून फोटो काढायचा होता. नीलमनं आत्यांना त्यात बसवलं. आत्या हात जोडून बसल्या, आधार कार्डाच्या फोटोसारख्या.

"मम्मी, स्माईल!"

"काहून? कोन आलं?"

खरंच कुणीतरी आलं होतं. सुरज एकदम सरळ उभा राहिला. त्याचे साहेब नचिकेत आणि त्यांची बायको नीलांबरी समोरून येत होती. दोघंही चाळिशीची, मराठी, छान राहणारी, आणि छान राहतो हे ठाऊक असणारी.

"सर, व्हॉट अ सरप्राइज!" सुरज म्हणाला.

"सरप्राइज कसलं? तूच टेबल बुक केलंस ना," नचिकेत म्हणाले.

कलरफुल कपड्यांची गरज कुणासाठी होती, हे मला तेव्हा कळलं.

नचिकेतनी आत्यांना वाकून नमस्कार केला. "काय म्हणता, हिंगोलीकर काकू?"

"हिंगोलीकर कोन?" आत्यांनी मागं वळून बघितलं.

"म्हणजे हिंगोलीच्या, मम्मी," सुरज म्हणाला.

"हिंगोलीत कुठं?" नचिकेतनी विचारलं. "माझी आत्या होती हिंगोलीला. गावात, की स्टेशनकडे?"

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. पेठेचं नाव सांगितलं की माणसाला जी माहिती पाहिजे असते ती मिळते. पुढचं विचारावं लागत नाही. बरीच चांगली माणसं तो असा सहज विचारतात. स्वतःला काय हवं आहे हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं.

"टाऊनमध्येच सर," सुरज म्हणाला. "चला, क्रूझ लागली."

क्रूझ म्हणजे दुमजली बोट, वरच्या मजल्यावर डीजे. चढताना सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेट घालायला दिली. अशा रीतीनं आम्ही अखेर कलरफुल झालो. सुरजनं लगेच फोटो काढले.

बोट निघाली. डीजे दर मिनिटाला विचारत होता की, हैदराबाद, आर यू रेडी? कशासाठी, ते सांगत नव्हता. मुलं-मुली नाचत होती. नीलांबरी म्हणाली, "मला पाण्यावर आलं की एकदम कनेक्टेड वाटतं." नीलम म्हणाली, "हो ना." आत्या कठड्याशी उभ्या होत्या, मोगऱ्याची पुडी दोन्ही हातांत धरून.

मूर्ती जवळ आली. फोटोत तिचा दगड राखाडी दिसतो. उन्हं कलली होती म्हणून आता तो जरा उबदार दिसत होता. चेहऱ्याचा तपशील कळायला लागला. उजवा हात वर उचललेला, बाकी सगळं स्थिर. बोटीनं वेग कमी केला, पण ती थांबली नाही. चौथऱ्याला डावीकडून वळसा घालायला लागली.

"उतरायचं कव्हा?" आत्यांनी मलाच विचारलं. त्यांनी सुरजचं ऐकलं होतं, तरी विचारलं.

"मम्मी, बघ, पूर्ण गोल फिरते," सुरज मागून म्हणाला. "प्रदक्षिणा झाली की तुझी!"

आत्या वळल्या. "प्रदक्षिना घालाया त्यो काय मारुती हाय का रे?"

नचिकेत हसले. त्यांना तो विनोद वाटला. सुरजही हसला, दीड सेकंद उशिरा. हट्ट्यात कोणत्याही लेकरानं सुरजचं ते वाक्य म्हटलं असतं तर त्याला विहाराबाहेर बसवलं असतं. आम्ही मूर्तीभोवती फिरत नाही, तिच्याकडे काही मागतही नाही. उभं राहतो, म्हणतो, आणि जे म्हटलं ते पाळायचं आहे हे लक्षात ठेवून घरी येतो. पाळणं जमतं असं नाही. पण सुरजला निदान फरक माहीत होता. तो या बोटीवरच्या दोन माणसांसाठी विसरला होता.

"आजी, तिकडं बघ, माणसं," सपना म्हणाली.

चौथऱ्यावर, मूर्तीच्या अगदी पायाशी, लोक होते. पंधरावीस तरी. पायऱ्यांशी एक छोटी होडी लागली होती, तिच्यातून अजून उतरत होते.

"ते लोक कशे गेले रे तिथं?" आत्यांनी विचारलं.

"व्हीआयपी असतील मम्मी. स्पेशल परमिशन."

एक जाडजूड बाई मूर्तीला टेकून चप्पल झटकत होती. तिचा मुलगा मक्याचं कणीस खात होता.

"लई मोठे व्हीआयपी दिसून राहिले," आत्या म्हणाल्या. "कनीस खाऊन राहिले."

"परमिशन कसली?" नचिकेत म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं; माहिती असली की ती द्यायची, एवढीच त्यांची सवय. "पलीकडच्या जेट्टीवरून साध्या बोटी सुटतात की. आम्ही गेल्या महिन्यात उतरलो होतो. अंधार पडेपर्यंत चालू असतं."

"पण सर, ते काम निघालं होतं ना..." सुरज म्हणाला.

"कसलं काम? काही नाही रे."

डीजेनं पुन्हा विचारलं, आर यू रेडी. आत्यांनी सुरजकडे बघितलं. रागावल्यासारखं नाही, एखादी भाजी हातात घेऊन ती आतून किडकी आहे का हे बघावं तसं. मग म्हणाल्या, "बरं."

उतरल्यावर लाइफ जॅकेट काढून त्यांनी घडी घातली आणि मला म्हणाल्या, "चल बाई. कुठं हाय ती जेट्टी?"

"मम्मी, साडेसहाला टेबल आहे," सुरज आडवा आला. "सर थांबलेत. उद्या नेतो ना तुला, प्रॉमिस."

"उद्या सकाळी माझी गाडी हाय. तुच तिकीट काढलं."

"मग पुढच्या वेळी. गुडघे दुखतील तुझे, तिथं पायऱ्या आहेत."

"काम चालू हाय म्हनला व्हतास. आता पायऱ्या निघाल्या." आत्या चालायला लागल्या. "तू जा जेवाया. दुपारी खाल्लं न्हाई नीट."

हे शेवटचं त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं असावं, कारण सुरज जागीच उभा राहिला. तेवढ्यात नचिकेत म्हणाले, "अरे, आम्हीही येतो की. टेबल काय पळून जातंय?" आणि नीलांबरी म्हणाली, "मला तिथं इतक्या शांत व्हाइब्ज येतात." सुरजला मग यावंच लागलं. एखाद्या माणसाचं खोटं त्याच्या साहेबाच्या चांगुलपणामुळे फसावं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

होडी साधी होती, डीजे नव्हता. पायऱ्या होत्या, आणि त्या खरोखर उंच होत्या. प्रेमानंदनी एका बाजूनं आईला धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. सुरज नचिकेतबरोबर मागं राहिला. आत्यांनी वर पोचल्यावर चपला काढल्या, मोगरा मूर्तीच्या पायाशी ठेवला आणि पदर डोक्यावरून घेतला. आजूबाजूला लोक बुद्धासारखा हात वर करून फोटो काढत होते.

"सुरज," आत्यांनी हाक मारली. "ये. तू म्हन, आमी मागून म्हनतो."

लहानपणी हट्ट्याच्या विहारात पुढं बसून तोच म्हणायचा. गळा चांगला होता. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा त्याच्याच मागून पहिल्यांदा सासरच्या विहारात वंदना म्हटली होती.

"तुम्ही करा मम्मी," तो लांबूनच म्हणाला. "मी व्हिडिओ काढतो."

आत्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. हात जोडले आणि स्वतःच "नमो तस्स" सुरू केलं. आवाज चढताना लागलेल्या धापेनं तुटत होता, पण शब्द बरोबर होते. आम्ही तिघं मागून म्हणत होतो. दुसऱ्या ओळीपासून आमच्या मागून आणखी आवाज यायला लागले. मी वळून बघितलं नाही. वंदनेत बघत नाहीत. पंचशील चाललं होतं तेव्हा बाजूनं नचिकेतचा हलका आवाज आला, "काकूंना हे सगळं पाठ आहे?" आणि सुरजचा, त्याहून हलका, "हो सर. मेडिटेशनचा क्लास आहे त्यांचा, हिंगोलीला."

चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. ते तेव्हाच चाललं होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही अजून दुसऱ्यावर होतो.

वंदना संपली. मागच्या आवाजांचं कुटुंब पुढं आलं. नवरा, बायको, दोन मुली, सगळी पांढऱ्यात.

"जयभीम, माय," तो माणूस म्हणाला. "साडी पाह्यली तव्हाच वळखलं. कुठले?"

"जयभीम. हट्ट्याचे आमी, वसमतजवळ. तुमी?"

"किनवट."

"जयभीम," प्रेमानंद म्हणाले. "जयभीम," सपना म्हणाली. त्या माणसानं सगळ्यांशी जयभीम करत करत सुरजपुढं हात केला. "जयभीम, साहेब."

सुरजनं हात हातात घेतला. "हॅलो," तो म्हणाला.

त्या माणसानं त्याच्याकडे बघितलं, शेजारच्या नचिकेतकडे बघितलं, आणि हात सोडला. त्याला सगळं कळलं असावं. आमच्या लोकांना हे कळायला फार वेळ लागत नाही. तो लेकींना घेऊन पायऱ्या उतरला.

"काकू, फारच सुंदर म्हणता," नचिकेत म्हणाले. "कुठल्या क्लासला शिकलात?"

आत्यांनी सुरजकडे बघितलं. मघाशी बोटीवर बघितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ.

"क्लास न्हाई बाबा. आमी बौद्ध हावोत. हट्ट्याचे खिल्लारे. ह्यो पोरगं म्होरं बसून म्हनायचं विहारात, सारं गाव त्याच्या मागून. आता त्याला आठवत नसंल."

हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की ते लाल व्हायला वेळ लागत नाही. एक थेंब पुरतो, ढवळावंही लागत नाही. सुरजचा चेहरा तसा झाला.

"अच्छा, अच्छा!" नचिकेत म्हणाले. "अरे वा. मग त्यात काय!"

"त्यात काय हाय म्हून न्हाई सांगितलं," आत्या म्हणाल्या. "तुमी इचारलं म्हून सांगितलं."

"आम्ही तर घरी असलं काही मानतच नाही," नीलांबरी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. मग ती दोघं अतिशय चांगली वागायला लागली. नचिकेतनी प्रेमानंदना डेपोबद्दल विचारलं, उत्तर संपायच्या आत "ग्रेट" म्हणाले. नीलांबरीनं सपनाला विचारलं, पुढं कोण होणार, आणि खूप शिक हं, असं सांगितलं. त्याआधी अख्खी दुपार तिनं सपनाचं नावही विचारलं नव्हतं. या नव्या प्रेमळपणापेक्षा मघाचं दुर्लक्ष मला बरं वाटलं. ते निदान सगळ्यांना सारखं होतं.

होडीवाल्यानं शेवटची हाक दिली. नचिकेत आणि नीलांबरी पुढं उतरली, त्यांच्यामागं नीलम, प्रेमानंद आणि सपना. आत्या हळूहळू येत होत्या, म्हणून मी मागं होते. सुरज आमच्याजवळ आला.

"काय गरज होती, माय?" तो दबक्या आवाजात म्हणाला. रागात त्याची 'मम्मी' गळून पडली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"कायची?"

"सांगायची."

"त्यानं इचारलं."

"मला रोज तिथं काम करायचंय. त्या माणसाच्या हाताखाली. तुला काय, तू उद्या जाशील."

"कर की. न्हाई कोन म्हनलं?" आत्या पहिल्या पायरीशी थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी खालच्या पाण्याचा अंदाज घेतला. "मी माझं म्हनून झाले. तुजं तू बघ. हात दे आता, पायरी उंच हाय."

सुरजनं आधी खाली होडीकडे बघितलं. नचिकेत आमच्याकडेच बघत होते, हसऱ्या, प्रोत्साहन देणाऱ्या चेहऱ्यानं. सुरजचा हात अर्ध्यावर थांबला. मी पुढं होणार होते, पण आत्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि त्याचं मनगट स्वतःच धरलं, घट्ट, पडणारं माणूस धरतं तसं.

"तिकडं काय बघून राहिला?" त्या म्हणाल्या. "माझ्या पायाकडं बघ. घसरंल."

तो वाकला आणि त्यांच्या पायाकडे बघत, एकेक पायरी, खाली उतरायला लागला.